साडेपाच मिलिमीटरचं भांडण : ०-६-० ब्रॉडगेजवर, नोंद तिसरी

भारतीय ब्रॉडगेजचं छोटं मॉडेल इंजिन खऱ्या मापाच्या रुंद रुळांवर उभं करतोय, त्याची ही नोंद. मागच्या नोंदीत चाकं हातात आली इथपर्यंत लिहिलं होतं. त्यानंतर अडीच महिने गप्प होतो, कारण सांगण्यासारखं जे काही होतं ते सगळं चुकलेलं होतं. आता इंजिनाचा सांगाडा स्वतःच्या पायावर उभा आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

नव्यांसाठी आधीची गोष्ट पटकन. माझ्याकडे विलायती ४एफचं एक सेकंडहँड डबल ओ मॉडेल आहे. मालगाडीचं, ०-६-०, म्हणजे पुढेमागे छोटी चाकं नाहीत, फक्त सहा चालती चाकं. डबल ओ म्हणजे खऱ्या फुटाला ४ मिमी, पण त्याचे रूळ एकमेकांपासून १६.५ मिमीवर. हिशेब केलात तर ते ४ फूट दीड इंच भरतात, आणि खरे विलायती रूळ आहेत ४ फूट साडेआठ इंच. ही गफलत जुनी आहे. तिथली इंजिनं अंगाने बारीक, साडेतीन मिमीच्या मापात तेव्हाच्या मोटरी मावत नव्हत्या. मग वरचं अंग ४ मिमीला फुगवलं आणि रूळ होते तेच ठेवले. ज्यांना हे खुपलं ते आधी १८.२ वर गेले, ते ईएम. त्यांच्यातलेही ज्यांना झोप येईना ते १८.८३ वर गेले, ते पी-फोर.

आपलं दुखणं त्याहून मोठं. आपला ब्रॉडगेज ५ फूट ६ इंच, म्हणजे बरोबर २२ मिमी. (गव्हर्नर जनरल डलहौसीला सहा फूट हवे होते, ईस्ट इंडिया कंपनीला विलायती माप हवं होतं, शेवटी मधलं ठरलं. सहा फूट झाले असते तर २४ मिमी. तेही बिनअपूर्णांकाचंच.) डबल ओच्या रुळावर भारतीय इंजिन ठेवलं की साडेपाच मिमी कमी पडतात, म्हणजे खऱ्या मापात १ फूट साडेचार इंच. आमची खिडकी चिंचपोकळीच्या रुळांवर उघडते. लहानपणापासून गाडी समोरून येताना पाहतोय. ब्रॉडगेजची गाडी समोरून पैलवानासारखी दिसते, पाय फाकून उभी. डबल ओ वरची दिसते फोटोसाठी पाय जुळवून उभ्या केलेल्या नवरदेवासारखी. एकदा हे डोळ्यांत भरलं की मग सुटका नाही.

आयर्लंडचा गेज ५ फूट ३ इंच. तिथले हौशी लोक याच मापात २१ मिमीवर काम करतात. त्यांच्या युक्त्या आपल्याला जशाच्या तशा चालतात, फक्त एक मिमी मिळवायचा. चुलतभाऊच म्हणायचे.

हे ४एफ बदलत ज्या इंजिनाकडे मला पोचायचंय ते बीईएसए (ब्रिटिश प्रमाणीकरण संस्था) नमुन्याचं ०-६-०. ते निवडण्यामागे आळस आहे. सिलिंडर आत, बाहेर फक्त कपलिंग रॉड, म्हणजे चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्या. पहिल्याच प्रयत्नात बाहेरची व्हॉल्व्ह गिअर (सिलिंडरात वाफ सोडणारी दांड्यांची यंत्रणा) २२ मिमीवर बसवण्याची माझी तयारी नाही. मूळ चाक ५ फूट दीड इंचाचं, मॉडेलमध्ये २०.५ मिमी. मला मिळाली ती ५ फूट २ इंचवाली, २०.७ ची. या फरकावर कुणी भांडायला आलं तर सांगीन की खरी चाकं लेथवर चढून चढून याहून जास्त झिजतात.

आता अ‍ॅक्सल. दोन चाकांना जोडणारा दांडा तो. चाकांचं भोक १/८ इंचाचं, म्हणजे आपल्या भाषेत एक सूत. नागदेवी स्ट्रीटवर गेलो, एक सुताची सळई मागितली, मिळाली. घरी व्हर्नियर लावला तर ३.०६ मिमी. हवी होती ३.१७५. चाक त्यावर घातलं की बांगडीसारखं खळखळतं. दुकानदाराची चूक नाही. ग्रिलवाल्याला जे एक सूत पुरतं ते मी चाकासाठी मागितलं होतं. दुसऱ्या खेपेला सिल्व्हर स्टीलची घासून मापात आणलेली सळई घेतली, ती ३.१७ भरली. ती घेऊन लालबागच्या एका गाळ्यात ओळखीच्या टर्नरकडे गेलो.

"साहेब, कसला शाफ्ट आहे?"

"इंजिनाचा अ‍ॅक्सल."

"कुठल्या इंजिनाचा?"

खिशातून डबी काढून चाक तळहातावर ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चाक उजेडाकडे धरलं, आरे मोजले आणि म्हणाले, "आणि याला तुम्ही मला पाचशतांश मिलिमीटर सांगताय? पंपाच्या शाफ्टला नाय मागत कोणी."

तीन अ‍ॅक्सल कापले, २५ मिमीचे, आणि मी न सांगता दोन्ही टोकांना बारीक उतार दिला. चाक दाबून बसवताना ते सरळ शिरतं ते त्या उतारामुळे. मला तो सुचलाच नसता. त्याच दिवशी पितळेचा रूळ-गेजही करून घेतला, २२.०० चा. "एकवीस नव्वद चालेल ना?" म्हणाले. नाही चालणार म्हटल्यावर हसले, पण दिला २२.०० च.

चाकांच्या पाठींमधलं अंतर, म्हणजे बॅक टू बॅक, मी २०.९ ठरवलं. आपल्या रेल्वेचं ब्रॉडगेजचं माप १६०० मिमी, ते ७६.२ ने (फुटाला ४ मिमी म्हणजे १ ला ७६.२) भागलं की २१ येतं. चेकरेलची, म्हणजे रूळ फुटतात तिथे चाकाला आतून आवरणाऱ्या जोडरुळाची, फट खऱ्या रुळावर ४४ ते ४८ मिमी, मॉडेलमध्ये जेमतेम ०.६. चाकं पी-फोरच्या बारीक फ्लँजची (रुळाच्या आत राहणाऱ्या कडेची) असल्यामुळे हे जवळजवळ खऱ्या मापातच बसतं. एक दशांश मी भीतीपोटी कमी केला.

आणि इथे ती चूक. फ्रेम, म्हणजे सांगाड्याच्या दोन उभ्या बाजू, कापल्या २६ गेजच्या जर्मन सिल्व्हरच्या पत्र्यातून, जाडी ०.४५. दोन्ही फ्रेम डाखाच्या दोन थेंबांनी एकमेकींना चिकटवून एकत्रच कापल्या, सोनारी करवतीने, मग कानशीने घासल्या. इथवर उत्तम. फ्रेमच्या बाहेर ते बाहेर १९.२ हवे होते. बेअरिंगची कॉलर दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मिमी, म्हणजे २०.२, आणि चाकांना इकडे तिकडे सरकायला उरले ०.७. कागदावर हे सगळं नीट लिहिलेलं. पण स्पेसर, म्हणजे दोन फ्रेमच्या मधल्या आडव्या पट्ट्या, कापताना पत्र्याची जाडी वजा करायलाच विसरलो! १८.३ च्या जागी १९.२ चे चारही स्पेसर. डाख लावला, काटकोन तपासला, काचेवर ठेवून डुगडुग बघितली, सगळं झकास. चाकं घालायला गेलो तेव्हा बेअरिंगसकट रुंदी २१.१, आणि चाकांच्या पाठी २०.९ वर. चाक बसेचना. दोन दिवस मला वाटत होतं की बेअरिंग वाकडं बसलंय. मुलीने येऊन विचारलं, "बाबा, पत्रा दोनदा मोजला का?" ती अकाउंट्स शिकते, तिला दुहेरी नोंद दिसते.

चारही स्पेसर काढून पुन्हा केले. डाख सोडवताना एक फ्रेम तापून किंचित वळली, ती काचेवर अंगठ्याने दाबत सरळ केली. आजही उजव्या बाजूला प्रकाश तिरका पडला की दिसतं. शेवटी ती बाजू भिंतीकडे जाणार आहे.

आता माझा आवडता भाग. पी-फोरच्या चाकाचा फ्लँज अर्ध्या मिलिमीटरहूनही बुटका असतो. रूळ कुठे केसभर खाली गेला आणि चाक त्याच्यामागे खाली गेलं नाही, तर गाडी उतरलीच. म्हणून प्रत्येक चाकाला वरखाली हलता यायला हवं. मी एकच लांब तार वापरायची पद्धत घेतली. फ्रेमच्या आतल्या बाजूने, दोन्हीकडे एकेक पोलादी तार, फ्रेमवरच्या बारीक आधारांतून जाणारी, आणि मधे मधे हॉर्नब्लॉकवर, म्हणजे बेअरिंग धरून वरखाली सरकणाऱ्या ठोकळ्यांवर, टेकणारी. इंजिनाचं वजन तारांवर तोललेलं. विलायतेत यासाठी गिटारची तार वापरतात. मी गिटारच आणायला निघालो होतो, म्हणजे तार. तर आत्या म्हणाली, "माझ्या तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा पडल्यात ना ड्रॉवरमध्ये, त्या घे." मोजली : ०.३० मिमी. हव्या त्याच मापाची, ताणाला चिवट, आणि गुंडाळी सोडली की सरळ. सांगाड्यावर २५० ग्रॅम वजन ठेवलं तर सगळी चाकं मिळून अर्धा मिमी खाली बसतात, पाहिजे तेवढीच. आत्याने बोटाने छेडून पाहिली. "बेसूर आहे," एवढंच म्हणाली.

क्वार्टरिंगला तीन संध्याकाळी गेल्या. डाव्या आणि उजव्या क्रँकपिनमध्ये (चाकावरच्या ज्या खिट्टीत रॉड अडकतो तिच्यात) ९० अंशांचा कोन हवा, म्हणजे एक बाजू अडली तरी दुसरी ढकलते. हा कोन तंतोतंत ९० नसला तरी निभतं. निभत नाही ते तीन अ‍ॅक्सलवर तीन वेगळे कोन असले तर. मी आरशाच्या तुकड्यावर व्ही-ब्लॉक (व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा) ठेवला, त्यात अ‍ॅक्सल. डावीकडची क्रँकपिन एका पितळी ठोकळ्यावर आडवी टेकवली आणि उजवीकडची गुण्याच्या उभ्या कडेला लावली. त्या स्थितीत चाक व्हाइसमध्ये हळूहळू दाबलं. तिन्ही अ‍ॅक्सल त्याच ठोकळ्यावर, त्याच गुण्याला. रॉड लावले, काचेवर ढकललं. पाऊण फेरा सुरळीत, मग एक हिसका, तोही दरवेळी त्याच जागी. हिसक्याच्या जागी चाकावर नेलपॉलिशचा ठिपका दिला, एकेक रॉड काढून पाहिला. मधला अ‍ॅक्सल दोषी. काढून पुन्हा दाबला, हिसका अर्धा झाला. मग मधल्या रॉडची भोकं गोल कानशीने अगदी नावापुरती मोठी केली. जाणकार याला पळवाट म्हणतील. खरं आहे त्यांचं, पण ती मी घेतली.

जुलैत एक घोळ झाला, तो तुमच्याकडे होऊ नये. डाखाला वापरलेलं फ्लक्स आम्लाचं असतं. सांगाडा मी साबणाच्या पाण्यात धुतला होता, पण हॉर्नब्लॉकच्या सांध्यात थोडं राहिलं. त्यात मुंबईचा पाऊस, खारी हवा. आठवड्याने डबा उघडला तर पितळी बेअरिंगवर हिरवट थर आणि दोन क्रँकपिनांवर गंज. आता रीत अशी : खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात टूथब्रशने घासायचं, मग स्वच्छ पाणी, मग हेअर ड्रायर, आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. औषधांच्या बाटल्यांतल्या आणि बुटांच्या खोक्यांतल्या पुड्या घरात कुणी टाकायच्या नाहीत असा हुकूम निघालाय. चाकांची पोलादी धाव दर चार दिवसांनी तेलाच्या बोटाने पुसतो.

मोटर १२ व्होल्टची कोअरलेस, १० मिमी व्यासाची, गिअर ५४ ला १. ताशी ५० किमीच्या मालगाडीसाठी चाक मिनिटाला सुमारे १७० फेरे घेतं, म्हणजे मोटर ९,००० च्या आसपास. तेवढं तिला आरामात जमतं. मागचा अ‍ॅक्सल चालवतो. करंट फॉस्फर ब्राँझच्या तारांनी धावेच्या पाठीवरून घेतलाय. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळे करतात तसंच.

चाचणीसाठी दोन फुटांचा रूळ घातला. स्लीपर तांब्याचा मुलामा असलेल्या पट्टीचे, लॅमिंग्टन रोडवरचे. खरा ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर २७५० मिमी लांब आणि २५० रुंद, म्हणजे ३६ आणि ३.३ मिमी. पट्ट्यांचा तांब्याचा थर मधोमध खरवडायला विसरू नका, नाहीतर शॉर्ट होतो. एक राहिला होता, कंट्रोलर कुईकुई करत बसला, सव्वीस स्लीपरांतला तो एक शोधायला रात्रीचे साडेअकरा वाजले. मग सांगाडा ठेवला, नॉब सरकवला आणि तो निघाला. पाच व्होल्टवर चालताना चाकाचे आरे मोजता येतात इतका हळू. रुळाखाली मुद्दाम पोस्टकार्डाचा तुकडा सरकवला होता. त्यावरून जाताना पुढचं डावं चाक एकटंच उचललं गेलं आणि परत बसलं, बाकीची हललीसुद्धा नाहीत. हे मी दहा वेळा पाहिलं. अकराव्यांदा घरच्यांना बोलावलं. त्यांनी विचारलं, "इंजिन कुठाय?" कारण वर बॉयलर नाही, कॅब नाही, नुसता पत्रा.

उलट्या दिशेने अजून किंचित लंगडतं. संशय गिअरच्या शेवटच्या चाकावर आहे.

पुढचं काम जड आहे. चाकांच्या बाहेरच्या कडा आता २५ मिमीवर गेल्या, आणि ४एफच्या फूटप्लेटवरचे (चाकांच्या वरच्या आडव्या पट्टीवरचे) स्प्लॅशर, म्हणजे चाकांवरच्या त्या टोप्या, डबल ओच्या चाकांसाठी बसवलेले. प्रत्येक बाजूला जवळजवळ अडीच मिमीने चाक बाहेर आलंय, ते थेट टोपीच्या भिंतीला घासतं. टोप्या कापून बाहेर सरकवायच्या की सगळ्या काढून पत्र्याच्या नव्या करायच्या, हे ठरत नाही. प्लॅस्टिक कापणं सोपं, पण मधे पडलेली खाच बुजवून घासली की रिवेट जातात. पत्र्याच्या केल्या तर सहाच्या सहा सारख्या यायला हव्यात, आणि माझा चार स्पेसरांचा इतिहास तुम्ही आत्ताच वाचलात. सध्या एका टोपीवर पेन्सिलने रेघ मारून ठेवलीय आणि करवतीचं पान बदललंय.

कुणी २२ वर किंवा आयरिश २१ वर ०-६-० केलं असेल तर टोप्यांचं काय केलंत ते कळवा. रविवारपर्यंत करवत लावत नाही.