ब्रेकवरचा पाय

ताई गाडीतून उतरता उतरताच म्हणाल्या, "दादा, सिग्नलला थांबले की बंद पडते. धावताना काही त्रास नाही." मग गुडघा चोळत, "आणि हल्ली गाडी चालवली की पाय फार भरून येतो." पहिलं वाक्य मी जॉबकार्डवर उतरवलं: 'आयडलला बंद पडते', म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतंच चालू असताना. दुसरं कानाआड केलं. खरं तर पहिलंही मी अर्धंच लिहिलं होतं, पण ते कळायला आठवडा गेला.

गाडी पेट्रोलची, लाखभर किलोमीटर चाललेली. आमच्याकडे येण्याआधी दुसरीकडे प्लग, एक कॉइल आणि फ्युएल पंप बदलून झाले होते. स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनाकडे जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप, उघडली आणि मी मनातल्या मनात खूश झालो, कारण प्लेटच्या कडेला काळा कार्बन जमला होता. आयडलला ती प्लेट जेमतेम उघडी असते. इंजिनाचा सगळा श्वास त्या केसाएवढ्या फटीतून चालतो. तिथे कार्बन बसला की इंजिन गुदमरायचंच. साफ केली, आयडल पुन्हा शिकवला. 780 आरपीएमवर काटा खिळल्यासारखा. एसी लावला, हेडलाइट लावले, अर्धा तास चालू ठेवली, हलली नाही. गाडी देताना मी जरा जास्तच ऐटीत बोललो असेन.

तिसऱ्या दिवशी गाडी परत दारात.

मग रीतसर शोधाशोध, कुठून जास्तीची हवा आत शिरते का याची. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह बंद होतोय का, इंजिनातली तेलकट वाफ नेणारी पीसीव्हीची नळी फाटली आहे का, इनटेकचं, म्हणजे इंजिनाकडे हवा नेणाऱ्या वाटेचं, गॅस्केट धड आहे का. स्मोक मशीन लावून इनटेकमध्ये धूर भरला, कुठूनही बाहेर आला नाही. फ्युएल ट्रिम, म्हणजे इंजिन आपणहून पेट्रोल किती टक्के वाढवतंय तो आकडा, अधिक 3, अधिक 4, म्हणजे अगदी निरोगी. गाडी कधी आजारी होती असं वाटेना. गॅरेजमध्ये शहाणी आणि रस्त्यावर वेडी, अशा गाडीसारखा मनस्ताप नाही.

शेवटी ताईंना शेजारी बसवून मीच चालवायला घेतली. पहिल्याच सिग्नलला बंद. चालू केली, पुन्हा बंद. पुढे बाजूला घेतली, न्यूट्रल केली, हॅन्डब्रेक ओढला आणि स्कॅनर मांडीवर घेतला. आता मात्र सुरेख चालू! सवयीने पाय ब्रेकवर गेला आणि काटा उतरायला लागला. 780, 650, 500. गाडी थरथरली आणि गेली. पुन्हा चालू करून पाय काढला: ठीक. दाबला: स्कॅनरवर ट्रिम वीसच्या वर चढला, इंजिन पेट्रोल वाढवत राहिलं, तरी मेलंच.

गॅरेजमध्ये आयडल तपासताना ब्रेक दाबतो कोण? हॅन्डब्रेक ओढलेला, आम्ही सगळे बॉनेटपाशी उभे. ताई सिग्नलला म्हणत होत्या आणि सिग्नलला माणसाचा पाय ब्रेकवर असतो.

पेडल हलकं करणारा जो बूस्टर असतो, तो इंजिनाच्या व्हॅक्युमवर चालतो. आत रबरी पडदा, दोन्ही बाजूंना व्हॅक्युम. पेडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा पुढे ढकलला जातो. पडदा फाटला असेल तर ती हवा फाटक्यातून थेट इनटेकमध्ये जाते, तीही आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरला न कळता. एक भाग पेट्रोलला वजनाने 14.7 भाग हवा हे गणित तिथेच कोलमडतं. धावताना इंजिन एवढी हवा ओढतं की ही चोरटी हवा त्यात खपून जाते. आयडलला ती झेपत नाही. आणि पाय उचलला की बाहेरच्या हवेची वाट बंद, म्हणून गॅरेजमध्ये सगळं छान. धुराचंही कोडं सुटलं. बूस्टरच्या नळीत एकेरी व्हॉल्व्ह असतो. हवा बूस्टरकडून इंजिनाकडे जाते, उलटी जात नाही. इनटेकमध्ये भरलेला धूर बूस्टरपर्यंत पोचणारच नव्हता.

परत येऊन गॅरेजमधल्या पोराला सीटवर बसवलं आणि मी पेडलपाशी डोकं घातलं. दाबताना क्षणभर 'फुस्' होणं साहजिक असतं. इथे दाबून धरलं तरी 'स्स्स' थांबेना. मग बूस्टरची नळी चिमट्याने दाबून धरली आणि पोराला ब्रेक दाबायला सांगितलं. काटा जागचा हलला नाही. (हे उभ्या गाडीतच करायचं, नळी दाबलेली गाडी हलवली तर ब्रेक लागता लागत नाही.)

बूस्टर काढून तिरका केला तर आतून ब्रेक ऑइल ओघळलं. बूस्टरला जोडलेला, ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर; त्याचं मागचं सील गळत होतं, ऑइल कित्येक दिवस बूस्टरमध्ये झिरपत होतं. ब्रेक ऑइल लागून पडद्याचं रबर फुगलं होतं, कडेला बोटभर चीर. बाहेर एक थेंब नाही, म्हणून कुणाला संशय आला नाही. बाटलीतली पातळी खाली गेली होती, ती मी पहिल्या दिवशी पाहिली होती आणि वर भरून मोकळा झालो होतो. मास्टर सिलिंडर आणि बूस्टर दोन्ही नवे घातले, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली.

या वेळी गाडी देताना ताईंनाच चालू करायला लावली आणि म्हटलं, ब्रेक दाबून बसा. पाच मिनिटं आम्ही दोघं काट्याकडे बघत होतो. मग त्यांनी पाय उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला.

"दादा, पेडल केवढं हलकं झालंय. मी तर गुडघ्यासाठी डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती."