एपी किती घेतेय यापेक्षा कोर्स कुठे घेतेय ते विचारा

संक्रांतीचं हळदीकुंकू संपता संपता आमच्याकडे, म्हणजे सिअ‍ॅटलच्या आसपासच्या मराठी घरांमध्ये, एक प्रश्न फिरायला लागतो. "तुमची पुढच्या वर्षी किती एपी घेतेय?" शाळांमध्ये पुढच्या वर्षाचे विषय निवडायची वेळ तीच असते ना. मग एक सांगते चार, दुसरी म्हणते आमच्याने पाच टाकलेत, तिसरी गप्प बसते आणि घरी जाऊन पोराला विचारते तू का नाही टाकलेस. हे आपलं दहावी-बारावीच्या टक्क्यांचंच चाललंय, फक्त आकडा लहान झालाय.

नवीन आलेल्यांसाठी थोडं सांगते. एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय, पण शाळेतच, शाळेच्याच शिक्षकांकडून, आणि मे महिन्यात कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची एक परीक्षा, तिला १ ते ५ मध्ये स्कोअर. परीक्षेला शंभर डॉलरच्या आसपास लागतात. स्कोअर चांगला आला तर कॉलेज क्रेडिट देतं, म्हणजे तेवढा कोर्स झाला असं डिग्रीत धरतं, पण किती आणि कशाला ते प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं. आमच्या वॉशिंग्टन राज्यातल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांना ३ आणि त्याच्या वरच्या स्कोअरला क्रेडिट द्यावं लागतं, उलट एमआयटी कॅल्क्युलस बीसीला (कॅल्क्युलसच्या दोन एपींपैकी मोठी) ५ असतील तरच पहिला कॅल्क्युलस माफ करते आणि केमिस्ट्रीच्या एपीला तर काहीच देत नाही. म्हणजे कुठल्या कॉलेजात जायचंय ते माहीत नसताना क्रेडिटच्या नावाने एपी गोळा करणं मला तरी पटत नाही.

पण आमच्या मराठी ग्रुपवर ज्याच्याबद्दल कमी बोललं जातं ते म्हणजे रनिंग स्टार्ट. १९९० च्या कायद्यातून आलेली वॉशिंग्टनची योजना आहे ही, अकरावी-बारावीतल्या मुलांनी कम्युनिटी कॉलेजात (जवळपासच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) जाऊन खरेखुरे कॉलेजचे कोर्स करायचे, शिकवण्याची फी शून्य, पुस्तकं, किरकोळ फी आणि जाण्यायेण्याचं मात्र आपलं आपण. क्रेडिट शाळेतही धरतात आणि कॉलेजातही. आणि हिशोब बघा, कॉलेजचा ५ क्रेडिटचा एक कोर्स म्हणजे शाळेचं १ क्रेडिट, म्हणजे शाळेत वर्षभर चालणारं इंग्लिश कॉलेजात एका क्वार्टरमध्ये, जेमतेम अडीच महिन्यांत, संपतं. पूर्णवेळ गेलेली काही मुलं बारावीच्या डिप्लोमाबरोबर (शाळा पूर्ण केल्याच्या सर्टिफिकेटबरोबर) ९० क्रेडिटची असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, डिग्रीही घेऊन बाहेर पडतात. यूडब्ल्यूसारख्या (युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन) सरकारी युनिव्हर्सिटीत पुढे जायचं असेल तर ही क्रेडिट बरोबर जातात. बाहेरच्या प्रायव्हेट कॉलेजांचं तसं नाही, शाळेच्या डिप्लोमासाठी वापरलेली क्रेडिट ती बऱ्याचदा धरतच नाहीत, आणि हे लोकांना ऐन अ‍ॅडमिशनच्या वेळी कळतं.

माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाने सातवीत अल्जिब्रा १ केला, मग आठवीत जॉमेट्री, असं करत अकरावीत कॅल्क्युलस संपवला आणि बारावीत शाळेत गणितच उरलं नाही! अशा मुलांसाठी रनिंग स्टार्ट म्हणजे वरदान आहे, लिनिअर अल्जिब्रा करा, मल्टिव्हेरिएबल करा, वर्गात आजूबाजूला पंचवीस-तिशीतली नोकरी करून शिकणारी माणसं, त्यांच्यात बसून पोरगं आपोआप मोठं होतं. (पुढच्या वर्गात ढकलण्याची आपल्या लोकांची हौस मला माहीत आहे, पण नववीत अल्जिब्रा १ करणारं मूलही बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंत पोचतंच, त्यात काही बिघडत नाही.)

आता खरी गोष्ट, जी मला वाटतं प्रत्येक आईबाबांनी आधी ऐकायला हवी. एपीच्या परीक्षेत २ आले तर तो स्कोअर कुठे पाठवायचाच नाही, विषय संपला. रनिंग स्टार्टचा ग्रेड मात्र कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, कायमचा बसतो. सोळाव्या वर्षी कंटाळून घेतलेला सी बाविसाव्या वर्षी मेडिकल स्कूलचा फॉर्म भरताना पुन्हा समोर येतो, कारण तिथे शाळेत असताना केलेले कॉलेज कोर्ससुद्धा सगळे दाखवावे लागतात. आणि दुसरं म्हणजे, मूल कॉलेजात गेलं की त्या रेकॉर्डचे हक्क कायद्याने त्याचे, वय सोळा असलं तरी. प्रोफेसरला मेल करून "माझी मुलगी कशी करतेय हो" विचारलं तर उत्तर येणार नाही, पेरेंट मीटिंग नाही, रोजचा ग्रेड बघायचं अ‍ॅप नाही. आपल्यातल्या काही आईबाबांना हे पचायला फार जड जातं, मला विचाराल तर मुलांपेक्षा त्यांनाच जास्त.

म्हणून मला वाटतं जे मूल स्वतः उठतं, स्वतःचं कॅलेंडर बघतं, अडलं तर प्रोफेसरच्या ऑफिस अवर्सला जाऊन विचारतं, त्याला रनिंग स्टार्ट. ज्याला रोज तोच शिक्षक, तेच मित्र, दुपारी बँड किंवा रोबोटिक्स हवंय त्याला शाळेतच एपी, आणि तेही त्याला आवडणाऱ्या विषयाचं. हुशारी दोघांचीही तेवढीच. फार हुशार आहे म्हणून कॉलेजात पाठवतो असं म्हणणारे भेटतात तेव्हा मी विचारते, डबा स्वतः आठवणीने नेतं का?

दोन्ही थोडं थोडं करता येतं हेही कितीजणांना माहीत नसतं. आमच्या लेकीने कॅल्क्युलस शाळेत ठेवलाय कारण तिथले सर तिला फार आवडतात, आणि इंग्लिश कॉलेजात घेतेय, सकाळी कॉलेज आणि मग शाळा. बसचं वेळापत्रक जुळवायला मात्र जाम डोकं लागलं.

तुम्ही विचार करत असाल तर एवढं करा, वर्षाचे विषय शाळेत भरण्याआधी काउन्सेलरकडे बसून डिप्लोमासाठी काय काय बाकी आहे ते लिहून घ्या. रनिंग स्टार्टचा व्हेरिफिकेशन फॉर्म, म्हणजे नावनोंदणीचा मंजुरी फॉर्म, दर क्वार्टरला नवा लागतो, त्यावर काउन्सेलरची सही, मुलाची सही, आणि अठरा पूर्ण नसतील तर आपलीही. काउन्सेलरची अपॉइंटमेंट शेवटच्या आठवड्यात मिळत नाही.