ओव्हनला दार उघडेच वाटत होते

एकादशीची उरलेली साबुदाण्याची खिचडी आईने दुसऱ्या दिवशी सकाळी मायक्रोवेव्हमध्ये ठेवली, एक मिनिट लावले आणि स्टार्टचे बटण दाबले. बटण वाजले, पण ना थाळी फिरली, ना पंख्याचा आवाज आला. ओव्हन नऊ वर्षांचा असल्यामुळे "याचे आयुष्य संपले" असा निकाल आईने तत्काळ दिला. ओळखीच्या मेकॅनिकनेही फोनवर, काही न पाहताच, मॅग्नेट्रॉन, म्हणजे अन्न गरम करणाऱ्या लहरी तयार करणारा भाग, गेल्याचे सांगितले.

मला हे निदान पटले नाही. मॅग्नेट्रॉन बिघडला तर थाळी फिरते, पंखा चालतो, वेळही उलटी मोजली जाते. फक्त अन्न थंडच राहते. गरम न होणे आणि सुरूच न होणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि आमची दुसरी होती. घड्याळाचे आकडे दिसत होते, म्हणजे वीज पोहोचत होती आणि मुख्य फ्यूजही शाबूत असावा. चाइल्ड लॉकची शंका स्टॉपचे बटण काही सेकंद दाबून धरल्यावर मिटली.

मग एक गोष्ट लक्षात आली, जी खरे तर आदल्या आठवड्यातच लक्षात यायला हवी होती: दार लावल्यावरही आतला दिवा विझत नव्हता. आमच्या ओव्हनमध्ये दार उघडले की दिवा लागतो आणि लावले की विझतो, त्यामुळे दिवा जळत राहणे याचा अर्थ यंत्राच्या लेखी दार अजून उघडेच होते. दाराच्या आकड्या चौकटीतल्या खाचांत शिरून आतले छोटे मायक्रोस्विच दाबतात. असे स्विच साधारणपणे तीन असतात. त्यांपैकी दोन दार नीट लागल्याशिवाय वीज पुढे जाऊ देत नाहीत. तिसरा पहारेकरी असतो: मुख्य स्विच चिकटून बसला आणि दार उघडले, तर तो मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. म्हणून अशा ओव्हनमध्ये नुसता फ्यूज बदलला तर नवा फ्यूजही उडतो.

खाचा कोरड्या फडक्याने पुसल्या, आकड्यांची स्प्रिंग तपासली. दार किंचित वर उचलून दाबले तेव्हा दिवा एकदा विझला आणि माझी खात्री पटली. तसेच दाबून वापरत राहावे असा मोह झाला, परंतु दाराच्या बाबतीत जुगाड करण्याचे धाडस मी करत नाही. मागचे झाकण उघडण्याचेही केले नाही, कारण आतला वीज साठवणारा कपॅसिटर प्लग काढल्यावरही विद्युतभार धरून राहू शकतो आणि मॅग्नेट्रॉनला लागणारा दाब ४००० व्होल्टच्या आसपास असतो.

शेवटी दुसऱ्या कारागिराला बोलावले. त्याने प्लग काढला, कपॅसिटरमधला भार उतरवला आणि मल्टिमीटर लावून तिन्ही स्विच तपासले; वरचा एक खराब निघाला. तसाच स्विच महाराणी रोडवरच्या दुकानात मिळाला आणि पाऊण तासात काम झाले. जुना मी मागून घेतला. त्याची कळ दाबून पाहिली, तर दहापैकी चार वेळा तो 'टक्' असा आवाजच करत नाही.