अक्काची गुणपत्रिका

रविवार, रात्री उशिरा

आज अक्काला दहावीची गुणपत्रिका मिळाली. निकाल मोबाईलवर केव्हाच बघून झाला होता, गल्लीत पेढेही वाटून झाले होते. तरी शाळेनं छोटा कार्यक्रम ठेवला आणि अक्कानं फोनवर बजावलं, "आईला घेऊन ये. मला सगळे समोर बसलेले पाहिजेत." मी काल रात्रीच्या गाडीनं पुण्याहून आले.

शाळा म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातली रात्रशाळा. दिवसा त्या वर्गांत दुसरी शाळा भरते, संध्याकाळी साडेसहापासून तेच बाक यांचे. यंत्रमागावर कांड्या भरणारा एक पोरगा, हॉटेलात भांडी घासणारे दोघं, एक रिक्षावाले काका आणि माझ्या अक्कासारख्या विडी कामगार बायका. एवढीच दहावीची तुकडी. सगळे इस्त्रीच्या कपड्यात आले होते. रिक्षावाले काका तर बायको, मुलगी आणि नातू घेऊन पहिल्या रांगेत बसले होते.

अक्काची शाळा सातवीत सुटली. बाबांची मिल बंद पडली, घरात पैसा येईना. आईच्या शेजारी बसून विड्या वळायला अजून दोन हात हवे होते आणि ती थोरली होती. मी पुढं शिकले. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारच्या कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळते, ती आईच्या कार्डावर मला मिळायची. पण वह्या, गणवेश, कॉलेजला जायचा सिटी बसचा पास हे सगळं अक्काच्या हजारी मजुरीतून, म्हणजे दर हजार विड्यांमागं मिळणाऱ्या पैशातून आलं. हे मी आजवर कधी लिहून ठेवलं नव्हतं. आज लिहिते.

लग्न झालं, दोन मुलं झाली, विड्यांचं सूप मांडीवरून काही उतरलं नाही. धाकटी आठवीत गेली तेव्हा अक्कानं तिच्याबरोबरच आठवीत नाव घातलं, फक्त शाळा वेगळी. सासूबाई म्हणाल्या, "या वयात कशाला गं?" दाजी मात्र त्या दिवसापासून रात्रीच्या भाकरीला बसले. थापायला जमली नाही तेव्हा बाजारातून कडक भाकरी आणली, शेंगाचटणीबरोबर खाल्ली, पण तिला वर्ग बुडवू दिला नाही. या माणसाचा सत्कार कुणी केला नाही, तो व्हायला हवा होता.

अभ्यास विड्या वळतानाच व्हायचा. ओल्या कापडात गुंडाळलेली पानं काढायची, फर्म्यावर कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा. आणि समोर भाची मोठ्यानं धडा वाचणार. गणिताची तिला धास्ती होती. अंकगणिती श्रेढी काही केल्या डोक्यात शिरेना. मग एका रात्री तिनं स्वतःच पंचवीस-पंचवीस विड्यांचे कट्टे ओळीनं मांडले: 25, 50, 75, 100. भाचीला म्हणाली, "हेच की गं! मी हे लहानपणापासून करलालेय." गणितात तिला पासापुरते 35 नव्हे, शंभरपैकी चांगले 58 मार्क पडले.

कार्यक्रम तासाभराचा. सावित्रीबाईंच्या फोटोला हार, नारळ, पाहुण्यांना टॉवेल. मुख्याध्यापक सरांनी भाषण आवरतं घेतलं आणि एकेकाला नाव घेऊन बोलावलं.

अक्काचं नाव पुकारलं तेव्हा क्षणभर कुणीच उठलं नाही. तिचा सातवीचा दाखला लग्नाआधीचा, म्हणून बोर्डाच्या कागदांवर तिचं माहेरचं नाव. आधी आमचं आडनाव, मग स्वतःचं, मग बाबांचं. लग्नानंतर तिला त्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती. बाबांचं नाव त्या वर्गात घुमलं आणि आईनं माझं मनगट घट्ट धरलं. मग अक्का उठली. ताठ चालत गेली, दोन्ही हातांनी कागद घेतला, रजिस्टरवर सही केली. सगळी अक्षरं सुटी सुटी, एकसारखी.

ती सरळ आईपुढं येऊन बसली. आईला वाचता येत नाही, पगारपत्रकावर ती आयुष्यभर अंगठा देत आली. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर उमेदवाराच्या आईचं नाव छापलेलं असतं. अक्कानं त्या ओळीवर बोट ठेवलं. तिच्या त्या बोटाचं टोक पानं आणि दोरा हाताळून कातड्यासारखं घट्ट झालंय. "हे बघ, हे तुझं नाव." आईनं विचारलं, "माझं? कशाला?" अक्का म्हणाली, "असतंय की. माझ्या आईचं नाव लागतंय इथं." आईनं त्या ओळीवरून अंगठा फिरवला, परत फिरवला. मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. "कशाला रडलालीस आता?" म्हणत अक्काही रडली, आणि मीही.

सुट्टीच्या दिवशी अशा शाळेसाठी येऊन बसणाऱ्या त्या शिक्षकांबद्दल मला फार आदर वाटतो. दिवसाची नोकरी करून दमलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता प्रमेय शिकवायला काय लागत असेल! मोठ्या कॉलेजांचे पदवीदान समारंभ मी पाहिलेत, माझाही झाला. इतकी मन लावून वाजवलेली टाळी मी तिथं ऐकली नाही.

अकरावीचा अर्ज आता ऑनलाइन भरायचा असतो. जेवणं झाल्यावर अक्का मला म्हणाली, "उद्या जायच्या आधी तेवढा भरून दे. कॉमर्स." दाजी म्हणत होते आर्ट्स सोपं पडेल. तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा माझ्याकडं वळून म्हणाली, "कॉमर्सच."