टपटप आणि ताल

आज दुपारभर नळ गळत होता. प्लंबर ‘निघालोच’ म्हणत राहिला आणि मी कान लावून बसले. टप. टप. टप. अंतर अगदी सारखं. म्हणजे लय आहे, पण ताल नाही. ताल म्हटला की आवर्तन हवं, म्हणजे मात्रांचं (मोजलेल्या ठोक्यांचं) ठरलेलं चक्र, आणि फिरून यायला सम हवी, म्हणजे त्या चक्राची पहिली मात्रा. तीनताल 16 मात्रांचा, नवव्या मात्रेवर ‘खाली’ (टाळी न देता सोडलेली, रिकामी जागा), मग पुन्हा समेवर तबल्याचा ‘धा’. रूपक तर 7 मात्रांचा, आणि त्याची समच खाली! नळाला कुठलं आलंय हे सगळं?

पण कान गप्प बसतील तर ना. थोड्या वेळाने दर दुसरा थेंब जड वाटायला लागला. घड्याळाचंही तेच. ठोके एकसारखे असले तरी आपण ‘टिक-टॉक’ ऐकतो. जोड्या आपणच लावतो.

मराठीने तर त्या शब्दातच लावल्यात. धडधड, खडखड, ठकठक. (रुणझुण जरा वेगळी, तिथे दुसरा ठोका बदलतो. माझी आवडती.) आणि आवाज एकदाच झाला, तर? टपकन, खटकन, धाडकन. ‘कन’ लागलं की पुढच्या ठोक्याची वाट बघायची नाही.