विहिरीत वाकून पाह्यलं

महाशिवरात्रीला आमच्या यावलकडच्या गावातून मुक्ताईला पायी दिंडी जाते, बाकी लोकं वारी म्हणजे आषाढीच समजतात पण आमच्याकडे माघातली ही चांगदेव-मुक्ताईची वारीपण तेवढीच जोरात. यंदा मी पाच वर्षांनी गेलो.

फैजपूर सोडलं की दोन्हीकडे केळीच केळी, ठिबकच्या नळ्या, आणि टाळ थांबले की फक्त पाण्याच्या मोटारींचा आवाज. विणेकरी बाबा म्हणे, "पहिले दिंडी विहिरीवरच थांबे भो, बादली सोडली की पाणी." आता जार येतो, टेम्पोतून. अशाच एका विहिरीत वाकून पाह्यलं तर भिंतीतून पिंपळ फुटलेला, तळाशी घडांवरच्या निळ्या स्कर्टिंग बॅगा न् दिंडीचेच प्लास्टिकचे ग्लास.

सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा पट्टा आहे, बझाडा म्हणतात त्याला, पावसाचं पाणी तिथं मुरतं आणि खाली आपल्या विहिरींना येतं. वर जंगल तुटलं की पाणी मुरायच्या आधीच नाल्याने पळतं आणि खाली आम्ही रात्रंदिवस उपसतो. ठिबक आलं, पाणी वाचलं, आणि त्या वाचलेल्या पाण्यावर आम्ही अजून दोन एकर केळी लावली. (हो, आम्हीच, आमच्या घरी.) २०१६ ला जळगावच्या केळीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा पेढेपण वाटले होते.

चांगदेवला पोचलो तर तापी-पूर्णेचा संगम नुसता समुद्र! १९८२ च्या हतनूर धरणाचं बॅकवॉटर. लांब उघड्या पाण्यात थंडीचे पाहुणे, चक्रवाक, अजून होते, म्हणजे धरणाने नुसतं बिघडवलंच असंही नाही. पण काठाला जलपर्णी इतकी दाट की पाय धुवायला ती हाताने बाजूला सारली तर मुळांना काळा चिकट गाळ आणि नाक धरावं असा वास. एक मासेमारीवाले काका म्हणे, "तुमचा युरिया अन् गावांची गटारं खाऊनच माजली ती, जाळं टाकायला जागा नाही." मी मान हलवली, काय बोलणार.

दुपारी वरण-बट्टी, वांग्याची भाजी, पंगत केळीच्या पानावर. दुसरी बट्टी कुस्करत होतो तेवढ्यात आबांचा फोन.

"बोअरची मोटार हवा फेकतेय रे. अजून दोन पाइप खाली सोडू का?"

सोडा म्हटलं.