तुम्ही विचारलंत म्हणून: हे पोलरायझेशन दीर्घिकेचं की दुर्बिणीचं?

दूरच्या दीर्घिकेचा रेडिओ प्रकाश बहुधा थोडेच टक्के पोलराइज्ड असतो, म्हणजे त्याचा तेवढाच भाग एका ठरावीक दिशेत कंपन पावतो, आणि दुर्बीणही तेवढी भेसळ करते. मग खरं कोणतं, हे कळतं कसं? प्रश्न रास्त आहे; या कामातला बराचसा वेळ त्यातच जातो.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचंच घ्या. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. बँड ५ मध्ये (१०५० ते १४५० मेगाहर्ट्झ) प्रत्येक फीडमधून (अँटेनाच्या केंद्राशी लहरी टिपणाऱ्या भागातून) काटकोनातले दोन सिग्नल निघतात, एक्स आणि वाय. एक्सचा अंश वायमध्ये झिरपतोच. शिवाय क्यू, म्हणजे पोलरायझेशनचा एक घटक, मिळतो तो एक्सएक्समधून (एक्सच्या पॉवरमधून) वायवाय (वायची पॉवर) वजा करून, म्हणजे दोन मोठ्या आकड्यांतला बारीक फरक. दोघांच्या पॉवरमध्ये १ टक्का तफावत राहिली, की ०.५ टक्के खोटा क्यू पदरात पडतो.

म्हणून आधी ३सी १४७ हा रेडिओ स्रोत बघायचा. या बँडमध्ये तो जवळपास अनपोलराइज्ड, तेव्हा त्याच्यावर जे दिसेल ती गळती. ती चॅनेलगणिक (बँडच्या प्रत्येक बारीक तुकड्यासाठी) काढा, अख्ख्या बँडची एकच सरासरी घेऊ नका. मग ३सी २८६ हा ज्ञात पोलरायझेशनचा स्रोत: १.४ गिगाहर्ट्झला सुमारे ९.५ टक्के, कोन ३३ अंश. एक्स-वायमधला फेज (दोन लहरींमधला मागेपुढेपणा) त्याच्यावरून बसवायचा. फ्लॅगिंग करताना, म्हणजे खराब डेटा वगळताना, एक्सवाय (एक्स आणि वायचा परस्पर गुणाकार) जरूर उघडा. १२२७ मेगाहर्ट्झपाशी जीपीएस उपग्रहांचा सिग्नल असतो. एक्सएक्समध्ये स्रोताच्या तेजाखाली दडलेला त्याचा गोंधळ एक्सवायमध्ये उघडा पडतो.

एवढं करूनही थोडी गळती उरते. तिला पकडायला फॅरडे परिवलन कामी येतं. वाटेतल्या चुंबकीय प्लाझ्मात पोलरायझेशनचा कोन तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वळतो. हा पीळ किती, ते रोटेशन मेजर (आरएम) सांगतो. तो १०० रेडियन प्रति चौरस मीटर असेल, तर बँड ५ च्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत कोन २२० अंशांवर फिरतो. सगळे चॅनेल सरळ मिसळले तर सिग्नलचा जेमतेम सहावा हिस्सा हाती लागतो. आरएम सिंथेसिस या पद्धतीत आरएमच्या प्रत्येक संभाव्य मूल्यासाठी हा पीळ उलटा उलगडून मग बेरीज करतात. दुर्बिणीच्या गळतीला पीळ नसतो, म्हणून ती शून्य आरएमपाशी गोळा होते, आणि दीर्घिकेचा सिग्नल तिच्या आरएमपाशी शिखर करतो.

मात्र बँड ५ मध्ये या शिखराची रुंदीच ९० रेडियन प्रति चौरस मीटरच्या घरात आहे. २० आरएमचा स्रोत गळतीपासून वेगळा काढता येत नाही. तो सापडला म्हणणाऱ्याकडे आम्ही संशयानेच बघतो. बँड ३ मध्ये (२५० ते ५०० मेगाहर्ट्झ) हीच रुंदी साधारण ३ वर येते, पण तिथे आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) छळतो: त्याचा आरएम १ ने सरकला, तर १२५० मेगाहर्ट्झला कोन ३ अंशच हलतो, ४०० ला मात्र ३२. आणि बहुतेक दीर्घिकांचं पोलरायझेशन इतक्या कमी फ्रिक्वेन्सीला आतल्या आतच विरून गेलेलं असतं.